दोर गुंडाळून ठेवलेली माणसं



गिर्यारोहकाला सगळे एकच विचारतात, डोंगर कशाला चढता? त्यावर पुस्तकं निघाली, भाषणं झाली. पण चढणं थांबवलंत का, हे कोणी विचारत नाही. शिखर सर झालं की स्टेशनवर ढोल वाजतो, हार पडतात, पेपरात फोटो येतो. दहा वर्षांनी तोच माणूस कुठे असतो, काय करतो, याची चौकशी कोणी करत नाही. गेले दोन-तीन महिने मी याच गोष्टीच्या मागे लागलो आहे. त्याला कारण आमच्या घरातलंच आहे, ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास वाचा, म्हणजे घरातली गोष्ट नीट कळेल. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरतेतल्या आपल्या मंडळींना डोंगर तसा परका नाही. आपल्यातले बरेचसे खानदेशातून, तापी व्हॅली रेल्वेच्या रुळांवरून इथे आलेले. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली इथे स्थिरावले, पुढे काही जण अडाजण-पालला सरकले. सुरत सपाट. घाम गाळायला जागा आहे, पण चढायला टेकडी नाही. तरी पूर्वेला डांगाच्या जंगलापलीकडे साल्हेर उभा आहे. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. कळसूबाई सोडली तर राज्यात त्याहून उंच शिखर नाही. १६७२ सालची साल्हेरची लढाई शाळेत शिकलेली असते. सुरतेचं नाव काढलं की महाराजांचा विषय निघतो आणि इथले गुजराती शेजारी हसून म्हणतात, "तमे तो लूंटवा आवेला!" आपणही हसतो. तर अशा गावात राहूनही डोंगराचं वेड असलेली माणसं आपल्यात होती आणि आहेत.

आता १९६५ सालाकडे येऊ. गिर्यारोहण सोडण्याच्या इतिहासात हे साल मला फार विलक्षण वाटतं.

त्या वर्षी मे महिन्यात कॅप्टन एम. एस. कोहली यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मोहिमेचे नऊ जण एव्हरेस्टवर पोहोचले. त्याआधी १९६० आणि १९६२ साली आपली माणसं शिखराच्या अगदी जवळून परत आली होती. २९ मे १९६५ ला शेवटच्या तुकडीत तिघे होते : एच. सी. एस. रावत, फू दोरजी आणि मेजर हरिपालसिंग अहलुवालिया. वय अवघं अठ्ठावीस. पुढे चार महिन्यांच्या आत भारत-पाक युद्ध झालं आणि काश्मीरमध्ये अहलुवालियांना गोळी लागली. मज्जारज्जूला इजा झाली. जगातल्या सगळ्यात उंच जागी उभा राहिलेला माणूस त्याच वर्षी चाकाच्या खुर्चीत बसला, तो कायमचा.

म्हणजे त्यांनी चढणं सोडलं नाही, ते त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. पण माझ्या मते खरी गोष्ट त्यापुढची आहे. इंग्लंडमध्ये उपचार घेताना त्यांनी पाहिलं, की मणक्याच्या इजेच्या रुग्णांसाठी तिथे वेगळी व्यवस्था आहे, आपल्याकडे तसं काही नाही. त्या विचारातून पुढे दिल्लीत इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं राहिलं. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव 'हायर दॅन एव्हरेस्ट'. जानेवारी २०२२ मध्ये ते गेले. किती माणसं त्या हॉस्पिटलातून पुन्हा उठून बसायला शिकून घरी गेली असतील, विचार करा.

त्याच १९६५ मध्ये, फेब्रुवारीत, तिकडे युरोपात वॉल्टर बोनाटी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाने मॅटरहॉर्नची उत्तर भिंत भर हिवाळ्यात, एकट्याने, नव्या मार्गाने चढली. आणि खाली येऊन कडव्या चढाईला रामराम ठोकला. वय पस्तिशीच्या आत. अंगात ताकद होती, नाव होतं, तरी सोडलं.

का? त्याचं मूळ १९५४ च्या के-टू मोहिमेत होतं. शिखरावर जाणाऱ्या दोघांसाठी ऑक्सिजनची नळकांडी घेऊन चोवीस वर्षांचा बोनाटी आणि हुंझाचा हमाल महदी वर गेले. ठरल्या जागी तंबू नव्हता, तो आणखी वर, अवघड ठिकाणी लावला होता. दोघांना आठ हजार मीटरच्या वर उघड्यावर रात्र काढावी लागली. महदीची बोटं गेली. दुसऱ्या दिवशी वरचे दोघे शिखरावर पोहोचले ते याच दोघांनी आणलेल्या ऑक्सिजनवर. आणि पुढे उलट बोनाटीवरच आळ आला, की त्यानेच तो ऑक्सिजन वापरला, त्यालाच आधी शिखर गाठायचं होतं. तो कोर्टात गेला, जिंकला, पण मनातली अढी गेली नाही. इटलीच्या अल्पाइन क्लबने त्याचं म्हणणं अधिकृतपणे मान्य केलं ते पन्नासहून अधिक वर्षांनी. डोंगराने त्याला दमवलं नाही, माणसांनी दमवलं. मग तो एका साप्ताहिकासाठी जगभर फिरून लेख लिहीत आणि फोटो काढत राहिला.

(योगायोग बघा, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्थाही १९६५ चीच. एकीकडे दोन माणसं थांबत होती आणि दुसरीकडे नवीन पोरांना शिकवायची सोय होत होती. आमच्या घरातल्या गोष्टीचा या संस्थेशी संबंध आहे.)

तिसरा प्रकार पोटाचा. आपल्यासाठी गिर्यारोहण हौस आहे, शेर्पांसाठी ती नोकरी आहे. तेनझिंग नोर्गे १९५३ नंतर दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणाचे संचालक झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ मुलांना शिकवत राहिले. पण स्वतःच्या मुलांनी एव्हरेस्टच्या वाटेला जावं असं त्यांना वाटत नव्हतं. मी चढलो ते तुम्हाला चढावं लागू नये म्हणून, असा त्यांचा भाव होता, हे त्यांचा मुलगा जामलिंगने सांगितलं आहे. (जामलिंग तरीही १९९६ साली एव्हरेस्टवर गेलाच, वडील गेल्यावर दहा वर्षांनी.)

आपा शेर्पाची गोष्ट तर आपल्या प्रत्येक घरात कळेल अशी आहे. लहानपणी वडील गेले, बारा-तेराव्या वर्षापासून ओझी वाहायला सुरुवात. डॉक्टर व्हायचं होतं, ते राहिलं. १९९० साली पहिल्यांदा एव्हरेस्ट, २०११ साली एकविसाव्यांदा. त्या वेळी तो जागतिक विक्रम होता. मुलांच्या शिक्षणासाठी २००६ सालीच कुटुंब अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला नेलं होतं, आणि एकविसाव्या चढाईनंतर थांबले. पुढचं काम काय, तर आपल्या गावाकडच्या मुलांच्या शाळांसाठी संस्था. लूमवर बारा-बारा तास उभे राहिलेले आपले काका-मामा काय वेगळं म्हणत होते? "मी केलं ते पोराने करू नये." गाव सोडलं, भाषा बदलली, पण पोरगं शिकलं.

आणि ही भीती खोटी नाही. १८ एप्रिल २०१४ ला खुंबूच्या हिमप्रपातात एका सकाळी सोळा जण गेले, सगळे तिथले कामगार. त्या वर्षी शेर्पांनी तो मोसमच पुढे चालवायला नकार दिला.

आता आपल्या मराठी मातीतलं बघू. १९८८ साली वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातली मुलं कांचनजंगा मोहिमेवर गेली. सह्याद्रीच्या कातळावर तयार झालेल्या, नोकरी-धंदा करणाऱ्या पोरांनी जगातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या शिखराचं नाव घ्यायचं, हेच तेव्हा मोठं होतं. त्यानंतर दहा वर्षांनी, १८ मे १९९८ ला, हृषीकेश यादव यांच्या मोहिमेतून पुण्याचे सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले. आणि २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीची मुलं एकाच मोहिमेत आठ जण वर गेली.

यातल्या लिमयांकडे बघा. ते पुढे मैदानी प्रशिक्षणाकडे वळले, ताम्हिणीजवळ गरुडमाची उभी केली, कंपन्यांतल्या साहेबांना दोराला लटकवून एकमेकांवर भरवसा ठेवायला शिकवलं. आणि नंतर कादंबरीकार झाले, 'लॉक ग्रिफिन' तुमच्यातल्या अनेकांनी वाचली असेल. झिरप्यांनी तर मोठ्या मोहिमांत स्वतः शिखरावर जाण्यापेक्षा बेस कॅम्पवरून दुसऱ्यांना वर पाठवण्याचं काम केलं. याला सोडणं म्हणायचं का? मला वाटतं ही चौथी जात. दोर यांच्याच हातात आहे, फक्त टोकाला दुसरं कोणी आहे.

न सोडणारेही आहेत, त्यांच्याबद्दल न लिहिणं बरं दिसणार नाही. मुंबईचे हरीश कापडिया, आपल्या गुजराती बांधवांपैकी. सह्याद्रीच्या भटकंतीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक घेऊन एक पिढी डोंगरात हिंडली. १९७४ साली नंदादेवीच्या परिसरात हिमभेगेत पडून खुब्याचं हाड निखळलं, तेरा दिवस साथीदारांनी उचलून आणलं, दोन वर्षं कुबड्या. सोडायला यापेक्षा चांगलं कारण कुठलं? ते परत गेले. २००० साली त्यांचा मुलगा लेफ्टनंट नवांग काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना शहीद झाला. त्यानंतरही ते गेले, सियाचीनच्या भागात मोहिमा नेल्या आणि तिथली हिमनदी वाचावी, तिथे शांतता यावी म्हणून बोलत राहिले.

दुसरीकडे अरुण सावंत. कोकणकड्याचं नाव निघालं की त्यांचं नाव निघायचं. आयुष्यभर शेकडो मुलांना त्यांनी दोरावरून सुखरूप खाली उतरवलं. जानेवारी २०२० मध्ये त्याच कोकणकड्यावर त्यांचा अंत झाला. थांबले असते तर, असं म्हणणारे म्हणाले. पण ते आपण म्हणतो, त्यांनी म्हटलं नसतं.

आणि २२ मे २०१९ चा दिवस. एव्हरेस्टच्या धारेवर लागलेल्या रांगेचा तो फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता, आठवतंय? त्याच सुमारास आपल्या सुरतेच्या अदिती आणि अनुजा वैद्य या दोघी बहिणी शिखरावर पोहोचल्या. गावाला केवढा आनंद झाला! आणि त्याच मोसमात, त्याच डोंगरावरून उतरताना ठाण्याच्या अंजली कुलकर्णी गेल्या. पती शरद कुलकर्णी बरोबर होते. दोघांनी मिळून सातही खंडांची शिखरं करायची ठरवलं होतं. सगळ्यांना वाटलं, आता हे कशाला जातील पुन्हा. २०२३ च्या मे महिन्यात, साठीला आलेला हा माणूस त्याच शिखरावर जाऊन आला.

हे सगळं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की सोडणारा घाबरट आणि न सोडणारा शूर, असा हिशोब इथे चालत नाही. उलटाही चालत नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि बाहेरून दिसतं ते कारण बहुतेक वेळा खरं नसतं.

आता घरातलं सांगतो.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सत्तरच्या दशकात पुण्याला डिप्लोमाला होता. तिथे त्याला प्रस्तरारोहणाचं वेड लागलं. रविवार उजाडला की नागफणी, तैलबैला. मग उत्तरकाशीला जाऊन बेसिक कोर्स केला, दोन वर्षांनी अॅडव्हान्स. धुळ्याला नाना चिडायचे, आई देवाला नारळ बोलायची. १९८० साली त्याला सुरतेत एका प्रोसेस हाऊसमध्ये नोकरी लागली. तरी सुट्टी मिळाली की पुणं गाठायचा. १९८३ मध्ये वहिनी घरात आली आणि १९८४ मध्ये दादाने डोंगर सोडला. एका हिमालयीन मोहिमेत त्याचं नाव आलं होतं, त्यांना नकाराचं पत्र पाठवलं. दोर, मेखा, कॅराबिनर सगळं एका पत्र्याच्या पेटीत गेलं.

घरात याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नातेवाईक म्हणायचे, "बायकोने थांबवलं." मित्र म्हणायचे, "मालकाने पंचेचाळीस दिवसांची रजा दिली नाही." दुसरी गोष्ट खरी होती, मालक म्हणाला होता, रजा घे आणि परत येऊ नकोस. पण नोकऱ्या तेव्हा सुरतेत मिळत होत्या. त्यामुळे शेवटी बोट वहिनीकडेच जायचं. लग्नाकार्यात कोणीतरी हसत हसत म्हणायचंच, "हिने आमचा तेनझिंग घरी बसवला." वहिनी पोळ्या वाढत राहायची. चाळीस वर्षं हे ऐकलं तिने.

ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. उकाईतून पाणी सोडलं, अडाजण-रांदेर बुडालं. आमच्या बिल्डिंगचा पहिला मजला पाण्यात होता. खालून होडी आली की दूध-पाण्याची पाकिटं वर घ्यायची कशी? दादाने पेटी काढली. दोर बाहेर आला, वीस-बावीस वर्षं गुंडाळलेला. शेजारच्या पोराला होडीत उतरायचं होतं, तो म्हणाला, काका, मला यानेच खाली सोडा. दादाने दोर बोटांनी चाचपला आणि म्हणाला, "बादलीला चालेल. माणसाला नाही." त्या पोराला नंतर शिडीवरून उतरवलं. चार दिवस तो दोर बादल्या ओढत होता आणि दादा प्रत्येक गाठ स्वतः मारत होता. मी तेव्हा म्हटलं होतं, याचं सुटलेलं नाही.

आता या वर्षी दादाच्या नातीने, कॉलेजला आहे, माउंट अबूच्या स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्थेच्या कोर्सचा फॉर्म आणला. घरात दोन पक्ष पडले. मुलगा-सून नको म्हणत होते, २०१९ चा तो फोटो काढून दाखवत होते. कोणीतरी म्हणालं, "आजीला विचारा, तिने एकदा थांबवलंय." आणि तेव्हा दादा बोलला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, या विषयावर माझ्यासमोर पहिल्यांदा.

म्हणाला, "तिने थांबवलं नाही. ती तर म्हणाली होती, नोकरी गेली तर मी शिकवण्या घेईन, तुम्ही जा. मी थांबलो ते वेगळ्याच कारणाने." १९८४ च्या जानेवारीत तो एका सुळक्यावर मित्राला बिले देत होता. म्हणजे वर चढणाऱ्याचा दोर खालून याच्या हातात, तो पडला तर यानेच धरायचा. नाना त्याआधीच्या वर्षी गेले होते, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, मी शिकत होतो. "दोर माझ्या हातात होता आणि डोक्यात धाकटीच्या लग्नाच्या हॉलचं भाडं. किती वेळ, ते माहीत नाही. वरून त्याने हाक मारली तेव्हा भानावर आलो. काही झालं नाही. तो चढला, उतरला, आम्ही चहा प्यायलो. त्याला आजही माहीत नाही. पण ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे त्याचं डोकं तिथेच पाहिजे. माझं तिथे नव्हतं, आणि पुढची दहा वर्षं राहणार नव्हतं, हे मला कळलं."

सगळे गप्प. मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? वहिनीवर येत होतं सगळं." दादा काही बोलला नाही. वहिनीच म्हणाली, "त्यांनी तेव्हा सांगितलं असतं तर तुमच्या बहिणींना वाटलं असतं, आमच्या लग्नापायी दादाचं सुटलं. माझ्यावर आलं ते बरं. मी बाहेरून आलेली, मला चालून गेलं."

बहिणी दोघी आज साठीच्या आहेत. ही पोस्ट टाकण्याआधी दोघींना फोन करून सगळं सांगितलं आणि परवानगी घेतली. धाकटी बराच वेळ रडली, मग म्हणाली, "लिही. वहिनीचं नाव मोकळं होऊ दे." म्हणून लिहितो आहे.

नातीचा फॉर्म भरला. सही तिच्या आजीने केली. दादाने तिला गाठी शिकवायला सुरुवात केली आहे. गच्चीच्या कठड्याला नवीन दोर बांधून रोज संध्याकाळी अर्धा तास चालतं. जुना दोर त्याने तिला हात लावू दिला नाही. तिला एकच सांगितलं, "मनात आलं तर चढ, नाही आलं तर सोड. पण थांबशील त्या दिवशी कारण स्वतः सांग. दुसऱ्याच्या नावावर राहू देऊ नकोस."

मंडळी, आपल्या सुरतेतल्या मराठी घरांत असे आणखी लोक नक्की असतील. कोणी उत्तरकाशी-अबूचा कोर्स केलेला, कोणी गिरनार चढाईच्या स्पर्धेत धावलेला, कोणी साल्हेर-मुल्हेर पालथा घातलेला, आणि मग एके दिवशी पेटी बंद केलेला. त्यांना या दिवाळीत एवढं विचारा : का थांबलात? घाईने विचारू नका, जेवणं झाल्यावर विचारा. आणि जे सांगतील ते लिहून ठेवा. जुने फोटो असतील तर माझ्याकडे द्या, स्कॅन करून परत आणून देईन.